एकोणनव्वद पापण्या

३ जानेवारी

प्रिय वन्संना,

वहिनीचा नमस्कार. देवाच्या कृपेने घरात सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे. तुमच्या दादांचं ठीक आहे की नाही ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा. फोन केला असता, पण तो दुकानात असतो आणि ह्यांचे कान त्याला चिकटलेले. जे सांगायचंय ते ह्यांच्याबद्दलच आहे.

आमच्याकडे सवत आलीय. रंगाने काळी, वजनाला जड आणि दिवसभर ह्यांच्या गळ्यात. कॅमेरा हो! मीडियम फॉरमॅट म्हणतात त्याला. हे मला समजावत होते, "जुन्या कॅमेऱ्याच्या पोटातली उजेड टिपणारी काच पोस्टाच्या तिकिटाएवढी, ह्याची काडेपेटीएवढी." मी म्हटलं, "एवढ्या किमतीत काडेपेट्यांचा कारखाना येईल." हसले नाहीत.

दुकानदाराने महिनाभर वापरून बघायला दिलाय. ३१ तारखेला परत तरी करायचा, नाहीतर पैसे तरी भरायचे. आणि पैसे कुठले, तर आम्ही म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेले. माणसांचे फोटो आणि लग्नाचे फोटो, दोन्ही कामांत त्याला तावूनसुलाखून बघायचं असं ह्यांनी ठरवलंय. माणूस म्हणून मी, कारण मी फुकट. आणि लग्न म्हणून तुमच्या लेकीचं, २६ तारखेचं.

रोज माझी पोथी झाली की उत्तरेच्या खिडकीशी स्टुलावर बसवतात. तीस वर्षं मी ह्यांच्या पाठीमागे उभी राहून पांढऱ्या पुठ्ठ्याने लोकांच्या तोंडावर उजेड पाडला. आता पुठ्ठा खुर्चीला टेकवलाय आणि उजेड माझ्या तोंडावर. काल पहिला फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. वन्सं, नाकावरचं छिद्र न् छिद्र! एवढं खरं बोलणारं यंत्र बायकांचे फोटो काढायला कोणी बनवलं असेल?

चाचणीची वही माझ्याकडे दिलीय. रोज काय काढलं, कसं आलं, सगळं लिहायचं. "तुला तसंही लिहिल्याशिवाय चैन पडत नाही," म्हणाले.

ह्यांचं म्हणणं, जुना कॅमेरा आता म्हातारा झाला. गेल्या दोन महिन्यांत तीन घरांचे फोटो धूसर आले, हे खरं. पण त्याच कॅमेऱ्याने मी परवा मांजराचा फोटो काढला, तर मिश्या मोजून घ्या. म्हातारा झालाय की कोणाला नवं खेळणं हवंय? डोक्यात तर दुसरं काही नाहीच. काल चहा कपाऐवजी बशीत ओतला, आणि स्वतःच्याच दाराच्या चौकटीला खांदा आपटला.

तुमचं ते ऐकतात. दोन शब्द समजुतीचे लिहा. लेकीला आशीर्वाद.

तुमची वहिनी


७ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून मशीन थांबवून हसले. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, माझ्या बाह्यांत एवढं हसण्यासारखं काय आहे?"

लग्नघर आणि शिवणाचं दुकान एकाच छपराखाली असलं की काय होतं ते विचारू नकोस. नवरीचे कपडे मीच शिवतेय, आणि सगळ्यांत जास्त कुरकुर तिचीच. बाकी गिऱ्हाइकांना निदान लाज वाटते.

आता कॅमेऱ्याचं. वहिनी, घे बाई सवतीला घरात! दादाने आयुष्यभर स्वतःसाठी काय मागितलं? चप्पलसुद्धा तू ओढून नेल्याशिवाय घेत नाही. तो कॅमेरा म्हणे माणसाचा डोळा आपला आपण शोधतो, हिरवी चौकट बरोबर डोळ्यावर जाऊन बसते. मग काढणाऱ्याला बघायचं कामच नाही. दादाला तेवढाच आराम. आणि लेकीचीही फार इच्छा आहे, तिचे फोटो त्याच कॅमेऱ्याने निघावेत म्हणून.

एवढं ऐक माझं. पैसे काय, येतात.

तुझी नणंद


११ जानेवारी

प्रिय वन्संना,

पत्र मिळालं. मी मदत मागितली होती, तुम्ही तर पलीकडच्या बाजूने दोरी ओढायला लागलात.

"पैसे येतात" असं तुम्ही लिहिलंत. आमच्या घराचा पत्ता त्यांना माहीत असता तर बरं झालं असतं. लेकीची हौस समजते हो मला, भाचीवर माझा जीव आहे. पण लग्न एका दिवसाचं आणि कॅमेरा जन्माचा. तिचे फोटो जुन्या कॅमेऱ्यानेही सुंदर येतील. जाऊ दे. लिहून टाकलं, आता मनात नाही.

खरं सांगायचं तर काम चांगलं करतो मेला. चौथ्या दिवशी मी चिडून बसले होते, तो फोटो आला आणि मी बघतच राहिले. खिडकीचा उजेड गालावरून असा उतरत होता, जसा पहाटे भिंतीवरून उतरतो. शालीचा एकेक धागा. नाकाची छिद्रं होतीच, पण आता ती माझीच वाटली, कोणी चुगली केल्यासारखी नाही.

दोष पण लिहिलेत वहीत. हळू आहे. मी शिंकले तर शिंक संपल्यावर फोटो निघाला. एक फोटो उघडायला कॉम्प्युटर इतका वेळ घेतो की मधल्या वेळात माझी भांडी घासून होतात. आणि मान जराशी हलली की डोळा धूसर, कान स्वच्छ.

म्हणून ह्यांनी मला नवीन काम लावलंय. फोटो मोठा करायचा आणि पापण्या मोजता येतात का ते बघायचं. मोजता आल्या तर फोटो पास. मी म्हटलं, तुम्हीच बघा की. तर म्हणाले, "तुझी नजर बारीक, तू सांगशील ते खरं." तीस वर्षांत पहिल्यांदा असं म्हणाले, म्हणून मीही बसले. जपाच्या माळेचा एक मणी ओढायचा, एक पापणी मोजायची. उजवा डोळा, वरची पापणी: एकोणनव्वद. वहीत लिहिलंय. दुसऱ्या दिवशीच्या फोटोतही एकोणनव्वदच. हिशेब जुळला.

हसू नका.

तुमची वहिनी


१४ जानेवारी

प्रिय वहिनी,

हसले. माफ कर. संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि आता आमचे व्याही आरशासमोर बसून स्वतःच्या पापण्या मोजतायत.

तू रागावलीस ते ओळखलं. पण माझ्या लेकीची हौस, असं मनात धरू नकोस. तिचा काही हट्ट नाही. ते मीच आपलं लिहिलं. का लिहिलं ते आता विचारू नकोस, भेटलो की बोलू.

दादाची काळजी घे. जिना उतरताना पुढे तू हो.

तुझी नणंद


१७ जानेवारी

प्रिय वन्संना,

जिना उतरताना पुढे मी का व्हायचं?

हे वाक्य मी चारदा वाचलं. मग वही उघडली. आता क्रमाने सांगते.

सोमवारच्या फोटोत ह्यांनी चेहरा अगदी जवळून घेतला होता. मी नेहमीसारखी माळ घेऊन मोजायला बसले. मोजता मोजता बुबुळाकडे लक्ष गेलं. माझ्या बुबुळात खिडकी होती, आठही काचांसकट. खिडकीपुढे कॅमेऱ्याचं तीन पायांचं स्टँड. आणि स्टँडमागे वाकलेला एवढासा माणूस. मला आधी गंमत वाटली. म्हटलं, बघा, ह्या वयात नवरा डोळ्यांत!

मग वाटलं, ह्या माणसाचं काहीतरी उलटं आहे. पण काय ते कळेना. शेवटी हे बाहेर गेल्यावर जुना कॅमेरा काढला आणि कपाटाच्या आरशापुढे उभी राहिले. आधी उजव्या डोळ्याला लावला, मग डाव्याला. डाव्याला लावल्यावर आरशातली मी आणि बुबुळातले हे तंतोतंत सारखे दिसायला लागलो.

वन्सं, तीस वर्षं ह्या माणसाने कॅमेरा उजव्या डोळ्याला लावलाय. त्या भुवईच्या टोकाचे केस घासून गेलेत, तुम्हीही पाहिलंय. मी कायम पाठीमागे पुठ्ठा धरून, म्हणून डोळा कधी बदलला ते मला दिसलंच नाही. आणि आता समोर बसते, तेव्हा माझं सगळं लक्ष हनुवटी वर ठेवण्यात.

मग एकेक आठवायला लागलं. बशीतला चहा. चौकट. ती तीन घरं. "तुझी नजर बारीक."

काल मी माझी चाचणी घेतली. हे जेवायला बसले, तेव्हा उजव्या बाजूला पोळीची ताटली धरून गप्प उभी राहिले. मनात शंभर अंक मोजले. शंभर झाले आणि हे स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "अगं, पोळी आणतेस ना?"

मी म्हटलं, आणली. डोळ्याला पदर लावायला तरी वेळ कुठे होता, हातात ताटली.

ह्यांना अजून काही बोललेले नाही. पण तुम्हाला माहीत होतं. होतं ना? देवाला साक्षी ठेवून खरं लिहा.

वहिनी


२० जानेवारी

वहिनी गं,

होतं.

दोन महिन्यांपूर्वी दादा आला होता ना आमच्याकडे, तेव्हा मी सहज सुई ओवायला दिली. लहानपणी आईच्या सगळ्या सुया तोच ओवायचा. पंधरा मिनिटं प्रयत्न केला, मग म्हणाला तुझा दोराच जाड आहे. मी हाताला धरून डॉक्टरीण बाईंकडे नेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डाव्यातही थोडी धुरकट सुरुवात आहे. बाई म्हणाल्या, अर्ध्या तासाचं काम, दुपारी घरी. घाबरण्यासारखं काही नाही.

पण घाबरला. ऑपरेशनला घाबरला, आणि त्याहून जास्त लोकांना. "फोटोवाल्याला दिसत नाही, हे एकदा गावभर झालं की दुकानाची पायरी कोण चढेल?" आणि सगळ्यांत जास्त तुला. "तिने सगळं आयुष्य माझ्या नजरेवर विश्वासून काढलं," म्हणाला. माझ्या गळ्याची शपथ घातली, वहिनी. मग कुठून तरी ह्या कॅमेऱ्याचं ऐकून आला. डोळा शोधणारा कॅमेरा असला की स्वतःचा डोळा कशाला हवा! मला वाटलं, ऑपरेशन नाही तर निदान कॅमेरा तरी होऊ दे. म्हणून लेकीचं नाव पुढे केलं. चुकलं माझं.

एक मागणं आहे. तुला हे कळलंय ते लग्न होईपर्यंत त्याला समजू देऊ नकोस. समजलं तर तो कॅमेरा उचलणारच नाही, आणि नवरीला मामाने काढलेलेच फोटो हवेत. हे मात्र खरंच तिचं म्हणणं आहे, ह्यावेळी माझं नाही.

तुझी खोटारडी नणंद


३० जानेवारी

प्रिय वन्संना,

लग्नात तुम्ही पाहुण्यांत अशा बुडालेल्या होतात की आपलं बोलणंच झालं नाही. निघताना तुम्ही नुसता हात दाबलात. म्हणून आता सविस्तर.

सकाळी नवरीचे फोटो खिडकीशी काढले, तेव्हा तो कॅमेरा खुशीत होता. नवरी स्थिर, उजेड स्थिर. असे फोटो आमच्या दुकानातून कधी बाहेर पडले नाहीत. कापडाची वीण दिसते. तुम्ही घातलेला एक टाका वाकडाही दिसतो, पण कोणता ते सांगणार नाही.

मग माणसं जमली आणि सगळा घोळ सुरू झाला. हा कॅमेरा विचार करून फोटो काढतो, आणि लग्नात कोण थांबतंय? मिठी मारून माणसं जेवायला गेली तरी ह्याचं चाललेलं. त्यात नवरदेवाच्या एका मित्राच्या टायवर घुबड होतं. मोठ्या डोळ्यांचं. हिरवी चौकट जी त्या घुबडावर बसली ती हलेना. नवरी हसतेय, व्याही हसतायत आणि फोटोत घुबड स्वच्छ. ह्यांना ते कळतच नव्हतं. मागच्या पडद्यावर मला दिसत होतं. मी त्या मित्राकडे गेले आणि म्हटलं, "बाळा, कोटाची बटणं लाव, गारठा आहे." त्याने गुमान लावली.

तेव्हापासून मी पुठ्ठा घेऊन ह्यांच्या उजवीकडे उभी राहिले. तुम्हाला दिलेला शब्द पाळायचा होता. ह्यांना काहीच सांगितलं नाही, नुसतं पुटपुटत राहिले, जप करते तसं. "आजोबा येतायत उजवीकडून." "खुर्ची आहे, जपून." बाईला बडबडायची सवय आहे असं समजून हे चालले होते.

सह्यांची वेळ आली. रजिस्टर टेबलाच्या डाव्या टोकाला, नवरदेवापुढे, आणि नवरी उजव्या टोकाला. हे डावीकडेच रोखून बसले, नवरदेवाच्या हातावर. नवरीने पेन उचललं, आणि सही करायच्या आधी मान वर करून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही तेव्हा नाक पुसत होतात. मी ह्यांच्या कानात म्हटलं, "दोन पावलं उजवीकडे. ती मान वर करतेय. आईकडे बघतेय. आता!"

काढला. तो एकच, पण तोच तो फोटो.

मग कॅमेरा खाली घेतला आणि सबंध तोंड वळवून माझ्याकडे बघितलं. उजवीकडचं बघायला आता सबंध वळावं लागतं ना.

"कधीपासून?" म्हणाले.

"एकोणनव्वद पापण्या मोजल्या तेव्हापासून."

कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला आणि म्हणाले, "पुठ्ठा नीट धर. नवरीच्या तोंडावर सावली पडतेय."

घरी आल्यावर मात्र दोन दिवस आमची जुंपली. ह्यांचं एकच, आधी कॅमेरा घेऊ, मग डोळ्याचं बघू. शेवटी मी भांडणं सोडलं, चाचणीच्या वहीत निकाल लिहिला आणि समोर ठेवला. तो असा: कॅमेरा, माणसांच्या फोटोंत पहिल्या वर्गात पास, लग्नात नापास. फोटोग्राफर, एका डोळ्यात नापास, फेरपरीक्षा ९ फेब्रुवारी, सकाळी दहा. वही डोळ्याजवळ धरून वाचली. म्हणाले, "पास झालो नाही तर?" मी म्हटलं, "मी आहे ना उजवीकडे."

उद्या कॅमेरा परत देतोय. दुकानदार भला माणूस आहे. म्हणाला, एकेका दिवसाच्या भाड्यानेही देतो. हे त्याने आधीच सांगितलं असतं तर माझा अर्धा जप वाचला असता! पण नाही, देवाने तो कॅमेरा आमच्या घरी उगीच पाठवला नव्हता.

तुमच्यावर राग नाही. शपथ घातली होती ना. पण पुढच्या वेळी शपथ मोडायची, पाप माझ्या नावावर.

तुमची वहिनी


४ फेब्रुवारी

वहिनी,

तो फोटो मिळाला. नाक पुसत होते म्हणून माझ्या लेकीची ती नजर मी पाहिलीच नव्हती. आता भिंतीवर आहे, मशीनच्या समोर. टाके अजून वाकडे पडतायत.

नऊ तारखेला मी येते. नको म्हणू नकोस, तिकीट काढलंय. त्याला धरून बसायला एक बायको पुरायची नाही.

तुझी नणंद


२० फेब्रुवारी

प्रिय वन्संना,

तुम्ही गेल्यावर घर सुनं वाटलं. ऑपरेशनच्या वेळी तुम्ही होतात म्हणून माझे हातपाय शाबूत राहिले. आत काय झालं ते हे आता सगळ्या गिऱ्हाइकांना रंगवून सांगतात. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "हलू नका, वर बघा, डोळा मिटू नका." तर हे म्हणाले, "बाई, हे वाक्य मी तीस वर्षं लोकांना सांगतोय. इतकं अवघड असतं हे माहीत नव्हतं." आणि लोकांना कळलं तर दुकान बसेल म्हणत होते ना? उलट दोघे म्हातारे आपला फोटो काढायला म्हणून आले आणि ऑपरेशनची चौकशी करून गेले. फोटोही काढले.

काल बाईंनी तपासून सांगितलं, आता कामाला लागा. घरी येताना रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत आले. लोक बघायला लागले. मी चार पावलं पुढे चालले, ओळख नसल्यासारखी.

आज सकाळी पोथी संपवून उठते तर मला पुन्हा स्टुलावर बसवलं. म्हटलं, आता कुठला कॅमेरा? तर तोच जुना, हाताने फोकस करायचा. उजव्या डोळ्याला लावला. बराच वेळ काही आवाज नाही. मी म्हटलं, मान दुखतेय. तर कॅमेरा खाली ठेवला आणि नुसतेच जवळ येऊन उभे राहिले. "तुला ह्या एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या?" म्हणाले. मी म्हटलं, सगळ्या वहीत आहेत, तारखेसकट. मग म्हणाले, "डोळे मीट. हलू नकोस." आणि पुढची पाच मिनिटं माझ्या तोंडाशी तोंड आणून ओठ हलवत बसले. दारात गिऱ्हाईक उभं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काय करत होते ते मला सांगत नाहीत. तुम्हालाच लिहायचंय म्हणतात. म्हणून खाली जागा सोडलीय. बघा, ह्यांचं अक्षर पुन्हा ओळीवर यायला लागलंय.

लेक-जावयाला आशीर्वाद.

तुमची वहिनी

छोटे,

वहिनीचा हिशेब चुकलाय. नव्वद आहेत. एक कोपऱ्यात खाली वळलेली आहे, ती फोटोत दिसत नाही. समोर बसवूनच मोजावी लागते.

दादा